दौंडचा दर्यावर्दी

माझा पणजोबा दर्यावर्दी होता असं दौंडात कुणाला सांगितलं की समोरचा आधी माझ्या तोंडाकडे बघतो आणि मग विचारतो, "कुठला दर्या?" प्रश्न रास्त आहे. आमच्याकडे पाणी म्हणजे भीमा, आणि मे महिन्यात तिलाही नदी म्हणताना जीभ अडखळते. समुद्र बघायचा तर लोक सहलीला अलिबागला जातात, तिथं भेळ खातात, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून फोटो काढतात आणि परत येतात.

तरी पणजोबा बोटीवर होता हे खरं आहे. आधी तो दौंडच्या इंजिन शेडमध्ये कोळसा मारायचा. तिथून मुंबईच्या गोदीत गेला, गोदीतून बोटीवर चढला आणि तिथंही कोळसाच मारला. दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. बोटींना माणसं हवी होती, आणि भट्टीसमोर उभं राहायची सवय असलेला माणूस कोकणातला आहे की देशावरचा, हे बघत बसायला कुणाला वेळ नव्हता. बोटीच्या पार तळाशी बॉयलरपुढे फावडं घेऊन उभं राहायचं, एवढंच काम. वर येऊन समुद्र बघायची त्याला किती मुभा होती, कोण जाणे.

भावकीत मात्र त्याची बढती होत गेली. माझ्या लहानपणी तो नुसता 'बोटीवर' होता. माझ्या लग्नापर्यंत 'नेव्हीत' गेला. अलीकडे भावकीच्या मोबाइल ग्रुपवर एका चुलतभावाने त्याला कॅप्टन करून टाकलं आणि खाली पांढऱ्या गणवेशातल्या कुणा गोऱ्या माणसाचा फोटो चिकटवला. सगळ्यांनी हात जोडले. मी लिहिलं की हा माणूस आपल्यातला नाही, आपण असे दिसत नाही. फोटो तसाच राहिला. फक्त त्या दिवसापासून ग्रुपवर मला 'साहेब' म्हणायला लागले, आणि ते कौतुकाने नव्हे.

मी साहेब नाही. मालगाडीवर गार्ड होतो. आता त्याला ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण मी रिटायर झाल्यावर म्हणायला लागले, त्यामुळे मला त्याचा काही उपयोग झाला नाही. शेवटच्या डब्यात बसून आयुष्यभर मागं बघितलं म्हणून मला जुनं उकरायची खोड लागली, असं बायकोचं मत आहे. तिची अशी बरीच मतं आहेत.

पण हा शोध मी हौसेनं घेतलेला नव्हता. तो माझ्या गळ्यात घातला आत्याआजीने. आत्याआजी म्हणजे माझ्या आजोबांची धाकटी बहीण. पणजोबाला तीन मुलं: थोरले माझे आजोबा, मधली एक मुलगी, आणि हे शेंडेफळ. थोरला आणि मधली दोघं गेली. शेंडेफळ ऐंशी ओलांडून कारेगावात, आमच्या मूळ गावात, अजून ठणठणीत आहे. लग्नही तिचं गावातच झालं. आळी बदलली, गाव बदललं नाही. एमआयडीसी आल्यावर तिच्या मुलानं घरामागं पत्र्याच्या खोल्या काढल्या. त्यात आता कंपनीत कामाला येणारी बिहारकडची, ओडिशाकडची कुटुंबं राहतात. त्यांच्याशी बोलून बोलून आत्याआजीला हिंदी येतं. म्हणजे ती मराठीच बोलते, शेवटी फक्त 'है' लावते.

कॅप्टनचा तो फोटो कुणीतरी तिलाही दाखवला होता. मी त्यानंतर एकदा कारेगावला गेलो तेव्हा तिनं मला बाजेवर शेजारी बसवून घेतलं.

"ह्यो माझा बाप न्हाई," ती म्हणाली.

"नाहीच," मी म्हणालो.

"तू आयुष्यभर रेल्वेची कागदं लिवली. मला एक हुडकून दे."

"काय?"

"त्याला मी ठाऊक हुते का?"

मला आधी प्रश्नच कळला नाही. मग तिनं सांगितलं, आणि सांगताना ती इतक्या सरळ आवाजात बोलत होती की मला बाजेवरून उठावंसं वाटायला लागलं.

पणजोबा घरातून मुंबईला गोदीत गेला तेव्हा ती पोटात होती. तो परत आला नाही. घरात याच्या दोन गोष्टी चालायच्या. एक गोष्ट तिची आज्जी, म्हणजे पणजोबाची आई, सांगायची: दुसरी पोरगी झाली असं त्याला कळलं, तो म्हणाला आता मी येत नाही, आणि गेला बोटीवर निघून. दुसरी गोष्ट तिची आई सांगायची, तीही हळू आवाजात: त्याला काही कळलंच नाही. घरात तिसरं मूल आहे हे माहीत नसतानाच तो मेला. आज्जीची गोष्ट जोरात सांगितली जायची म्हणून गावात तीच चालली. आत्याआजी पांढऱ्या पायाची ठरली. 'बापाला पाण्यात घालवून आली' हे वाक्य तिनं खेळताना ऐकलं, न्हाण आलं तेव्हा ऐकलं, लग्नाच्या बैठकीत ऐकलं. तिच्या सासूनं तर त्यात आपल्या पदरची भर घातली. घरात कोंबडी मेली तरी तिच्या पायांकडे बघायची.

"ठाऊक असून गेला आसंल तर माझ्यापायी गेला," ती म्हणाली. "ठाऊक नसंल तर मी त्याची कुणीच न्हाई. दोन्हीतलं कुठलं खरं तेवढं सांग. वंगाळ निघालं तरी चालंल. पर मी हाय तवर सांग."

मी हो म्हणालो. नाही कसं म्हणणार?

सुरुवात रेल्वेपासून केली, कारण तिथं निदान चहा पाजणारी माणसं होती. इंजिन शेडमधले जुने लोक म्हणाले, कोळशाची इंजिनं गेली, ती माणसं गेली, त्यांची कागदंही त्यांच्याबरोबरच गेली असणार. मला ते आधीच माहीत होतं. तरी चहा घेतला.

मग शिरूरला गेलो. तिथल्या कचेरीत जुन्या जन्ममृत्यूच्या नोंदी बघायला मिळतात असं कळलं होतं. खिडकीवरच्या माणसानं अर्ज वाचला.

"जमिनीचं काम हाय का?"

"नाही."

"वारसनोंद?"

"नाही. पणजोबाचं काम आहे."

"पणजोबा सोबत आलेत का?" असं त्यानं विचारलं नाही, पण त्याच्या चेहऱ्यावर तेच होतं. माणूस भला होता. चार-पाच हेलपाट्यांनी एक नोंद सापडली: कारेगाव, बापाचं नाव, मुलगी, जिवंत. आणि तारीख. मुलीचं नाव नव्हतं, कारण जन्म झाला की पाटलाकडे कळवायचं आणि बारसं व्हायचं बाराव्या दिवशी. तोवर सरकारदरबारी ती नुसती मुलगी. मी नक्कल घेतली. आत्याआजी जन्मली होती याचा सरकारी पुरावा हातात आला. पण त्याबद्दल कुणाला शंका नव्हतीच.

बोटीवरच्या माणसांचे त्या काळचे करार परदेशातल्या एका सरकारी संग्रहात जपून ठेवलेत, हे मला इंटरनेटवर कळलं. मी ई-मेल लिहिला. तिथल्या एका बाईंचं उत्तर आलं. त्या बाईंइतकं सभ्य मी आयुष्यात कुणाशी बोललो नाही, आणि माझ्याशीही कुणी बोललं नाही. त्यांनी कळवलं की या नावाची माणसं ढिगानं आहेत. हेही रास्तच होतं. पणजोबाचं नाव त्या काळात इतकं होतं की आळीत उभं राहून हाक मारली तर निम्मी आळी ओ देईल. करारावर आडनाव नसायचं. नाव, बापाचं नाव, जिल्हा पूना, संपलं. त्यांनी विचारलं होतं: बायकोचं नाव कळवाल का? करारात घरच्या माणसाचं नाव लिहिलेलं असतं, त्यावरून ओळख पटेल.

पणजीला दोन नावं होती, माहेरचं एक आणि सासरचं एक, आमच्याकडे सगळ्या बायकांना असतात तशी. मी दोन्ही कळवली. बाईंनी दोन्ही शोधली. त्या नावाची बायको असलेला कुणीही खलाशी त्यांच्याकडे नव्हता. मग मी दोन्ही नावांचे लाड करून बोलायचे प्रकार कळवले. तेही नव्हते. बाईंनी दिलगिरी व्यक्त केली. मीही केली. काही महिने आम्ही एकमेकांची माफी मागण्यापलीकडे काही केलं नाही. आत्याआजीचा फोन आला की मी "चाललंय" म्हणायचो आणि ती "चालू दे" म्हणायची.

एक दिवस दौंडातल्या एका दवाखान्यात साखर तपासायला गेलो होतो. माझ्या पुढं रांगेत पटकेवाले आबा होते. त्यांची मालकीण मागं बाकड्यावर पोट धरून बसलेली. खिडकीतल्या मुलीनं विचारलं, "पेशंटचं नाव?"

आबांनी थोरल्या मुलाचं नाव घेतलं आणि पुढं 'ची आई' लावलं.

"तसं नाही आबा. त्यांचं स्वतःचं नाव सांगा."

आबांनी पटका सारखा केला. बाकड्याकडे बघितलं. बाकड्यावरची म्हातारी पोट धरून भिंतीकडे बघायला लागली.

"तिलाच इचारा की," आबा म्हणाले.

"त्येंला सांगाया काय झालं?" बाकड्यावरून आवाज आला. पोटात दुखत असूनही त्यात मजा होती.

मागची रांग हसायला लागली. कुणीतरी म्हणालं, "आबा, उखाणा होऊन जाऊ द्या!" आबा घामाघूम झाले. शेवटी मुलीनं आधार कार्ड मागितलं आणि प्रश्न सुटला. आमच्याकडच्या कित्येक नवऱ्यांची त्या कार्डामुळे सुटका झाली आहे.

पणजोबाकडे आधार कार्ड नव्हतं. माझी साखर तशीच राहिली. मी रांग सोडून बाहेर येऊन पायरीवर बसलो. मला ती बोटीची कचेरी दिसत होती. खिडकीत कुणी कारकून, मागं माणसांची रांग, सगळ्यांना घाई, आणि कारकून विचारतोय, बायकोचं नाव काय? चार परक्या पुरुषांसमोर पणजोबा बायकोचं नाव घेणार? नाव घ्यायचं ते लग्नात, उखाण्यातून, तेही बायका हटून बसल्या तर. मी माझ्या आजोबांच्या तोंडून आजीचं नाव कधी ऐकलं नव्हतं. वडिलांच्या तोंडून आईचं नाव ऐकलं ते एकदाच, ती गेली तेव्हा दाखल्यासाठी.

घरी येऊन बायकोला सांगितलं.

"एवढं कळायला इतके महिने लागले?" ती म्हणाली. "तुम्ही मला काय हाक मारता?"

मी तिला 'अगं' म्हणतो. ते मी बाईंना कळवलं नाही. पण बाकीचं कळवलं. आमच्याकडे नवरा बायकोचं नाव उच्चारत नाही, बायको नवऱ्याचं घेत नाही, थोरल्या मुलाचं नाव घेऊन त्याची आई म्हणायची पद्धत आहे, तरी कृपया तसं काही लिहिलेलं आहे का पाहावं. मराठीत ही गोष्ट कधी विचित्र वाटली नव्हती. इंग्रजीत लिहिल्यावर मलाच वाटलं की ही माणसं एकत्र राहत तरी कशी होती. खाली आजोबांचं नाव दिलं आणि पाठवून दिलं.

बाईंचं उत्तर आलं: फारच मनोरंजक माहिती, आपले आभार, परंतु असा उल्लेख कुठं आढळत नाही.

मी खचलो. खोटं कशाला सांगू? आत्याआजीला 'सापडत नाही' असं सांगायची वाक्यं मनात जुळवायला लागलो. बायको समोर मेथी निवडत होती.

"त्यांना पोरी पण होत्या ना?" ती म्हणाली.

"होत्या. पण थोरला मुलगा असताना पोरीच्या नावानं कोण म्हणतं?"

"तुम्ही नाही म्हणत," ती म्हणाली आणि मेथीकडे वळली.

तिच्याशी वाद घालण्यापेक्षा ई-मेल लिहिणं सोपं होतं. दोन्ही मुलींची नावं पाठवली.

या वेळी उत्तराला कराराच्या पानाचा फोटो जोडलेला होता. तिरक्या इंग्रजी अक्षरातली ओळ मी मोठी करून बघितली. पणजोबाचं नाव, त्याच्या बापाचं नाव. काम: कोळसा. गाव कारेगाव, तालुका शिरूर. पुढच्या रकान्यात नातं: बायको. त्यापुढच्या रकान्यात बायकोचं नाव लिहायचं होतं. तिथं लिहिलं होतं: 'अमकीची आई'. आणि अमकी म्हणजे आमची आत्याआजी. कारकून वैतागला असणार. त्यानं विचारून विचारून शेवटी जे ऐकलं ते जसंच्या तसं उतरवून टाकलं असणार.

शिरूरची नक्कल काढून शेजारी ठेवली. करार तिच्या जन्मानंतर काही महिन्यांनी झालेला होता. म्हणजे बोटीवर चढताना त्याला सगळं माहीत होतं. मुलगी झाली हे माहीत होतं आणि बारशात ठेवलेलं नावही माहीत होतं. ते त्याला कसं कळलं हे मी कुणाला विचारायची गरज नव्हती. रेल्वेत निरोप कसे जातात हे मला कळतं. गावचा कुणी दौंडच्या शेडवर सांगतो, दौंडचा ड्रायव्हर पुण्यापर्यंत नेतो, पुण्याला गाडीवरची माणसं बदलतात तेव्हा पुढच्याच्या कानात घालतो, तो मुंबईला उतरून ज्याचा त्याला पोचवतो. 'पोरगी झाली, बाळबाळंतीण सुखरूप, नाव अमुक ठेवलं.' पोस्टापेक्षा हे लवकर पोचतं आणि त्याला पत्ता लागत नाही. मी स्वतः असे कितीतरी निरोप नेले आहेत. त्यात मयतीचे जास्त होते.

पानाच्या कडेला शेरा होता. युद्धात बोट बुडाली. खाली बॉयलरपाशी असलेल्यांना वर येता आलं नाही, एवढं बाईंनी फार जपून कळवलं होतं. तो समुद्र बघायला कितपत वर येत असेल यावर मी इतकी वर्षं हसत आणि हसवत आलो होतो. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

पण आत्याआजीला काय सांगायचं? मी गार्ड होतो, बघितलं तेवढंच लिहायचं अशी सवय. पुराव्यातून निघत होतं ते एवढंच की त्याला ती ठाऊक होती. तिच्याच नावाने तो का बोलला, याची साधी कारणंही असू शकत होती. मी ती बायकोला एकेक करून सांगायला लागलो.

"जे लिहिलंय ते वाचून दाखवा," बायको म्हणाली. "खाली तुमचा शेरा मारू नका."

दुसऱ्या दिवशी न्हावऱ्यामार्गे, उसाच्या ट्रॅक्टरांच्या मागं मागं, मोटारसायकलवर कारेगावला पोचलो. आत्याआजीचा मुलगा कामावर गेला होता. ती बाजेवर बसून होती. मागच्या खोलीतली भाडेकरू, बिहारकडची बाई, दाराबाहेर ओट्यावर भेंडी चिरत होती.

"घावला?" आत्याआजीनं विचारलं.

"सापडला."

"वंगाळ हाय का?"

"थोडं आहे. थोडं नाही."

"त्याला ठाऊक हुतं का?"

"होतं."

तिनं डोळे मिटले आणि मान हलवली, की ठीक आहे, हेच असणार. मग माझ्या लक्षात आलं की मी घाण करून ठेवली. तिच्या हिशेबात 'ठाऊक होतं' म्हणजे आज्जीची गोष्ट खरी. मी घाईघाईनं कागद काढला.

"आत्याआजी, पुढं ऐक. बोटीवर जाताना त्यांना विचारलं, बायकोचं नाव काय."

"आन् त्यानं सांगितलं?"

"नाही सांगितलं."

"कसं सांगंल?" ती डोळे न उघडताच म्हणाली.

"ते म्हणाले..." आणि मी ओळ वाचली. तिचं नाव, आणि पुढं 'ची आई'.

तिनं डोळे उघडले.

"परत वाच."

मी परत वाचलं.

"माझं नाव लिवलंय?"

"तुझंच. हे बघ." मी अक्षरांवर बोट ठेवलं. तिला मराठी वाचता येत नाही, इंग्रजीचा प्रश्नच नाही. तरी तिनं कागद हातात घेऊन तिथं बघितलं.

"माझ्या आईला सारं गाव थोरल्याची आई म्हणायचं," ती म्हणाली. "सासू म्हणायची, दीर म्हणायचं, वाणी म्हणायचा. मरस्तवर थोरल्याचीच आई हुती ती. माझी आई हाय आसं तिला कुणी म्हणलं न्हाई कवा."

"हो."

"आन् ह्यो तितं जाऊन माझी आई म्हणाला?"

"हो."

"थोरला आसताना?"

इथं मी गप्प राहायला हवं होतं. बायकोनं बजावलं होतं. पण सवय जात नाही. मी म्हणालो, "आता ते असं आहे, की तुझं नाव त्यांना नुकतंच कळलं असणार. नवीन नाव. ताजं ताजं तोंडात बसलेलं असेल, म्हणून पटकन तेच आलं असेल."

"तेच म्हणते मी," आत्याआजी म्हणाली. "त्वांडात हुतं."



मग तिनं विचारलं, "मेला कसा?"

"बोटीबरोबर. लढाईत."

"माघारी यायचा हुता का?"

"करारात तसंच असतं. काम संपलं की मुंबईला आणून सोडायचं. यायचे होते."

"म्हंजी टाकून न्हाई गेला," ती म्हणाली. "मेला."

"हो."

ती बराच वेळ कागदाची घडी घालत होती, उलगडत होती. मग तो तिनं माझ्याकडे दिला आणि डोक्यावरचा पदर पुढं ओढला.

"मी त्याला कवा रडले न्हाई," ती म्हणाली. "तो मेल्याची खबर घरात आली तवा मला कळत नव्हतं. मोठी झाल्यावर आई रडायची, आज्जी रडायची, मी जवळ गेले की आज्जी म्हणायची, तू नगं रडू, तुला त्वांड न्हाई. मंग न्हाईच रडले. आता रडते. तू जरा भाईर बस."

मी बाहेर ओट्यावर येऊन बसलो. आतून आवाज आला. आमच्याकडच्या बाया मयताला नावं घेऊन, बोलून बोलून रडतात तसं ती रडायला लागली. बाबा, माझ्या बाबा, मला न बघता कुठं गेला रं, माझं नाव घेऊन कुठं गेला. ऐंशी वर्षांच्या बाईचा आवाज तो, पण चढत गेला. मी हनुवटी छातीला लावून बसलो होतो. मलाही आवरत नव्हतं आणि परक्या बाईसमोर रडायची लाज वाटत होती.

भाडेकरू बाईनं विळी बाजूला सरकवली.

"आजी को क्या हुआ?"

"उनके पिताजी गुजर गए," मी म्हणालो. मला दुसरं हिंदी सुचलं नाही.

तिनं माझ्याकडे बघितलं. मग दाराकडे बघितलं. माझे पांढरे केस बघितले. मी चेष्टा करतोय का हे तिला कळेना. आतला आवाज तर खरा होता.

"उमर क्या थी?" तिनं हळूच विचारलं.

"अड़तीस."

तिनं हात पदराला पुसले, पदर डोक्यावर घेतला आणि ती आत गेली. थोड्या वेळानं आतून दोन बायकांच्या रडण्याचा आवाज यायला लागला.